फाटलेलं रबर

धरणाच्या कामाला खडी नेणारे ट्रक त्या रस्त्यानं धावायला लागले आणि एका उन्हाळ्यात रस्त्याची चाळण झाली. मग ज्याच्या ज्याच्या दारात गाडी होती, त्याची गाडी पुढून बोलायला लागली. खड्ड्यात चाक गेलं की टक्, बाहेर आलं की टक्. लोक आधी काच खाली करून ऐकत, मग काच वर करून ऐकत, मग रेडिओ मोठा करून बघत, आणि शेवटी नाइलाजानं मिस्त्रीकडे येत.

असा हंगाम कुठल्याही मिस्त्रीला हवाच. पण फाट्यावरच्या थोरल्या मिस्त्रीच्या दारात गाडी टक् करून थांबली, की तो आधी कपाळाला आठ्या घालायचा. बायको म्हणायची, "गिऱ्हाईक आलं की माणसं हसतात. तुमचं तोंड दात उपटायला बसवल्यासारखं होतं."

त्याला कारण होतं, आणि ते कारण रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, धाकट्या भावाच्या शेडमध्ये, एका लोखंडी पेटीत पडून होतं.

वडील गेल्यावर दोघं भाऊ काही दिवस एकाच शेडमध्ये खपले. पण दोन मिस्त्री, एक गाडी आणि तीन मतं असं रोजचंच व्हायला लागलं, तेव्हा वाटणी ठरली. घरची रीत सोपी होती. एकानं वाटे लावायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचं. वाटे धाकट्यानं लावले. एका बाजूला हवेचा कॉम्प्रेसर, मोठा जॅक, पान्यांचा चकचकीत संच, घण, ऐरण. दुसऱ्या बाजूला जुने पाने, बाकावर वस्तू आवळून धरणारा शेगडा आणि वडिलांची ती लोखंडी पेटी. पेटीत बॉल जॉइंट, म्हणजे चाक वळू देणारा गोल सांधा, काढायचा आणि बसवायचा प्रेस होता: घोड्याच्या नालासारखी जाड चौकट, तिच्यातून जाणारा मनगटाएवढा स्क्रू, आणि सांध्याच्या मापाच्या लहानमोठ्या लोखंडी वाट्या. अडकलेला सांधा न फोडता सोडवायचा पुलरही त्यातच.

थोरल्यानं दोन्ही ढिगांभोवती फेरी मारली, जॅक दाबून बघितला, कॉम्प्रेसरच्या पोटावर थाप मारली आणि पेटीला पायाच्या अंगठ्यानं ढकललं.

"ही तू घे. वाट्याच वाट्या आहेत. भातुकली खेळायला होईल."

सगळे हसले. साक्षीला बसलेली मोठी बहीणही हसली. धाकटा तेवढा हसला नाही. म्हणाला, "दादा, नीट बघून उचल. हे ढीग मी वजनानं नाही, कामानं लावलेत."

"तू मला काम शिकवणार?"

"नाही. म्हणून तर आधी तुला उचलायला सांगितलं."

थोरल्यानं चमकणारा ढीग उचलला. त्या ढिगात बॉल जॉइंटच्या नावानं एकच वस्तू होती: पाचर. हातभर दांडा आणि पुढे दोन बोटं. ती बोटं सांध्याच्या खाचेत घुसवायची आणि मागून घण घालायचा. सांधा सुटतो, यात शंका नाही. पण सांध्यावर जे रबर असतं, आतलं ग्रीस धरून ठेवणारं आणि बाहेरची धूळ बाहेर ठेवणारं, ते त्या बोटांनी फाटतं. जो सांधा फेकूनच द्यायचाय, त्याला पाचर चालते. जो ठेवायचाय, त्याला चालत नाही. हे थोरल्याला माहीत नव्हतं असं नाही. वडिलांच्या हाताखाली तो धाकट्याच्या कितीतरी आधी लागला होता. पण माहीत असणं आणि कबूल करणं ही वेगवेगळी खाती आहेत, आणि दुसऱ्या खात्यात त्याची जमा फारशी कधी नव्हतीच.

त्या दिवसापासून भाऊ भाऊ बोलेनासे झाले तरी जावा नळावर बोलत होत्या. पाणी भरताना माणूस किती वेळ गप्प उभा राहणार? एकदा बायको भरलेली बादली उंबऱ्यात टेकवून म्हणाली, "ती सांगत होती, लागला तर प्रेस घेऊन जा म्हणावं. नुसता पडून असतो."

"तो म्हणाला, की ती म्हणाली?"

"ती म्हणाली."

"मग त्याला म्हणू दे."

"म्हणजे त्यानं इथे यायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, दादा, कृपा कर आणि माझी वस्तू वापर."

"तसं मी कुठे म्हटलं," मिस्त्री म्हणाला. पण मनातून त्याला नेमकं तसंच हवं होतं.

तेव्हा सगळा हंगाम घणावर चालला. जुना सांधा आर्ममधून, म्हणजे चाक धरणाऱ्या जाड लोखंडी तुकड्यातून, ठोकून काढायचा, नवा ठोकून बसवायचा. बायको दोन्ही हातांनी आर्म ऐरणीवर दाबून धरायची आणि तो घण घालायचा. प्रत्येक घावाला तिचे दात एकमेकांवर आपटायचे, झिणझिण्या खांद्यापर्यंत चढायच्या. संध्याकाळी पातेलं उचलताना ते तिच्या बोटांतून निसटायचं. ती बोटं चोळत बसायची, आणि तो तेवढ्यात काहीतरी शोधायला उठायचा.

बेकरीवाल्याची गाडी अशी झाली. खाणीवरच्या कारकुनाची झाली. शाळेतल्या मोठ्या बाईंची झाली. तिन्ही गाड्यांचं टक् थांबलं, तिघंही खूश होऊन गेले.

मग दूधवाली आली.

नवरा गेल्यापासून ही बाई गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करून डेअरीला पोचवायची. गाडीच्या मागच्या सीट काढून तिथे कॅन रचलेले असायचे, आणि गाडीला आणि तिलाही दुधाचा आंबूस वास यायचा. जीभ तिखट, पण मापात कधी थेंबाची खोट नाही.

"मिस्त्री," ती उतरता उतरता म्हणाली, "ही माझ्यापेक्षा जास्त बोलायला लागलीय. एका घरात दोघी नकोत."

"कुणाला गप्प करायचं ते सांगा."

"माझ्यावर तुमचा घण चालायचा नाही. तिच्यावर चालवा."

त्यानं गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, सळई लावून डावीकडचा खालचा सांधा हलवून दाखवला. तो सैल दातासारखा हलला. "हा गेला. बाकी सगळं ठणठणीत आहे." आणि होतंही. त्याच्याच शेजारी असलेला स्टिअरिंगच्या दांडीचा सांधा चांगला घट्ट होता, त्याचं रबर नव्यासारखं मऊ होतं. पण काम करायचं तर तोही सोडवून बाजूला घ्यायला लागणार होता, आणि तो सुटेना. नट निघाला, सांध्याचा खिळा मात्र जागेवरून हलेना. पत्रा तापला होता. मिस्त्रीच्या कोपरावरून घाम टपकत होता. ही पुलरची जागा होती, हे त्याला कळत होतं. त्यानं एकदा रस्त्याकडे बघितलं. बायकोनंही बघितलं.

"जाऊन येऊ का मी?" ती हळू आवाजात म्हणाली. "पटकन आणते."

"काय आणतेस?"

दूधवाली समोरच बसली होती. बायको म्हणाली, "पाणी."

"तहान नाही मला."

त्यानं पाचर लावली आणि घण घातला. सांधा सुटला. त्याबरोबर रबराला उभी चीर गेली, आणि आतलं ग्रीस त्याच्या अंगठ्यावर आलं. दूधवाली कॅनची झाकणं तपासायला गाडीमागे गेली होती. तिनं काही बघितलं नाही. बायकोनं बघितलं.

नवा बॉल जॉइंट आर्ममध्ये ठोकताना वाकडा गेला. काढून पुन्हा ठोकला, पुन्हा वाकडा. शेवटी गेला, पण जरा सहज गेला. घट्ट जागी बसणारी वस्तू घणाला उलटा झटका देते. तो झटका मनगटाला लागला नाही. आर्मचं भोक ठोकून ठोकून सैल झालं होतं, हे मिस्त्रीला कळलं. मग त्यानं नट आवळला, दांडीच्या सांध्याच्या चिरेत बोटानं ग्रीस भरलं, तिच्या कडा दाबल्या, फाटकी बाजू आतल्या अंगाला फिरवली आणि फडक्यानं वरून पुसून चकाकी आणली.

"ते फाटलंय," बायको पुटपुटली.

"कळत नाही."

"मला कळलं."

"तू इतक्या जवळ उभी आहेस म्हणून."

"चाक तर त्याहून जवळ आहे."

गाडी खाली आली. दूधवालीनं एक चक्कर मारली, हसत परत आली. मिस्त्री म्हणाला, "आता कित्येक वर्षं इकडे बघायला नको." ती जाताना एक लहान किटली दूध काढून बायकोपुढे धरून म्हणाली, "घे. आर्म धरून धरून तुझे हात लाल झालेत. मी बघत होते." बायकोनं हात पुढे केला नाही. किटली मिस्त्रीनं घेतली. त्या दुधाचा चहा करून बायकोनं त्याच्यापुढे ठेवला आणि स्वतः कोरा प्यायली.

त्यानंतर तिनं आर्म धरायचं बंद केलं. "हात दुखतात," म्हणाली. ते खरंही होतं, त्यामुळे त्याला रागावताही येईना. तो एकटाच गाड्यांचं तेलपाणी करत राहिला आणि पुढून वाजणारी गाडी आली की "आज वेळ नाही" म्हणू लागला.

वाऱ्याचे दिवस आले. खडीच्या ट्रकमागून उठलेली धूळ दिवसभर खाली बसायची नाही; भाकरीवर, पापण्यांवर, पान्यांवर तिचा थर असायचा. दूधवाली पुन्हा आली.

"मिस्त्री, परत बडबडतेय. आणि आता चाक एका बाजूला ओढतं."

तो गाडीखाली शिरला. त्यानं भरलेल्या ग्रीसमध्ये धूळ मिसळून ओल्या सिमेंटसारखा लगदा झाला होता. चिरेचे ओठ उघडे पडले होते. पलीकडे आर्ममध्ये नव्या बॉल जॉइंटभोवती केसाएवढी फट दिसत होती, किंवा उजेडामुळे तसं वाटत होतं. उजेडामुळेच असेल असं त्यानं ठरवून टाकलं. बाहेर आला तेव्हा दूधवाली त्याच्याकडे बघत होती, डॉक्टरकडे बघावं तशी.

"रस्ताच असला आहे," तो म्हणाला. "टायरची हवा बघा. थोडं सावकाश चालवा."

"हवा बघितली."

"मग काही नाही."

ती गाडीकडे वळली. "तुम्ही म्हणता तर काही नाही," म्हणाली, आणि गेली.

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते 'तुम्ही म्हणता तर' त्याच्या मागे मागे घरात आलं, जेवायला शेजारी बसलं. बायकोनं त्याच्या पानात वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन मागच्या दारात जाऊन बसली.

काही दिवसांनी दूधवाली पायी आली.

मिस्त्री कॉम्प्रेसरला तेल घालत होता. वर बघितलं तर ती शेडच्या तोंडाशी उभी होती, साडीच्या कडेला चिखल, आणि कपाळावर डाव्या बाजूला लिंबाएवढं टेंगूळ. त्याच्या हातातली तेलाची बाटली तशीच कलती राहिली.

"राग मानू नका," ती म्हणाली. "गाडी तुमच्या धाकट्याकडे टाकलीय. त्याच्याच दारासमोर चाक आडवं झालं, दुसरीकडे कुठे नेणार? वेग नव्हता म्हणून एवढ्यावर भागलं. सगळे कॅन रस्त्यावर. कुत्र्यांची तेवढी चंगळ झाली."

मिस्त्रीनं टेंगळाकडे बघितलं. "लागलं," एवढंच म्हणाला.

"हे होय? उतरेल. मी म्हटलं, तुमच्या कानावर दुसऱ्याकडून जायला नको. एका मिस्त्रीची गाडी दुसऱ्याकडे नेली की माणसाला वाईट वाटतं. पण तो काही वावगं बोलला नाही हो. म्हणाला, दादाच्या कामात खोट नाही, मालच खराब आला. रबर कारखान्यातूनच फाटकं, आणि आर्म आधीचाच झिजलेला."

ती गेली. तेल बाटलीतून त्याच्या पायावर सांडलं होतं. बायको आतल्या दारात उभी होती, किती वेळ कोण जाणे.

"त्यानं तुमचं झाकलं," ती म्हणाली.

"मी नव्हतं सांगितलं झाकायला."

"नाही. तोंड उघडून सांगणं तुम्हाला कुठे जमतं?"

तो पाय पुसत बसला. तेल पुसलं गेलं तरी पुसत राहिला. धाकट्यानं चारचौघांत त्याची लाज काढली असती तर त्याला भांडता आलं असतं. वाटणीच्या दिवसापासून या भांडणाची सगळी वाक्यं त्याच्याकडे तयार होती. पण ज्यानं लाज राखली त्याच्याशी कुठल्या तोंडानं भांडणार? लहानपणी मार खाण्यापासून ज्याला त्यानं वाचवलं होतं, तो आता त्याला वाचवत होता, आणि हे त्याला कुठल्याही मारापेक्षा जास्त लागत होतं.

तो उठला आणि चप्पल घालून रस्त्याला लागला. बायकोनं शेडचं दार ओढून घेतलं. थोडं अंतर ठेवून तीही निघाली.

धाकट्याच्या शेडमध्ये त्याला पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. काम चालू होतं, पण ठोकण्याचा आवाज नव्हता. दूधवाली खोक्यावर बसली होती. धाकटा दुसरा आर्म शेगड्यात धरून, त्यावर प्रेस चढवून, लांब पान्यानं स्क्रू फिरवत होता. स्क्रू बारीक कुरकुरत होता, आणि नवा सांधा सरळ, न थरथरता, आपल्या जागेत उतरत होता. मिस्त्री बघत राहिला. वडिलांच्या पाठीमागे उभा राहून त्यानं हे किती वेळा बघितलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याला हे काम रटाळ वाटलं होतं.

धाकट्यानं मान वर केली. "ये दादा. हे बघ ना, काय माल बनवतात हल्ली. यात तुझी काय चूक." बोलताना तो डोळ्यांनी सांगत होता, हो म्हण आणि बस.

बाजूला एक रिकामी खुर्चीही होती.

"माल चांगला होता," मिस्त्री म्हणाला.

"दादा, बस तर खरा."

"रबर मी फाडलं. पुलर नव्हता, पाचर घातली. आर्मचं भोकही ठोकून ठोकून मीच मोठं केलं." त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "आधीचा झिजलेला नव्हता."

धाकट्यानं पाना सोडला. "झाकलं होतं ना मी? आता ही बाई मला खोटारडा म्हणेल."

"तुम्हाला नंतर म्हणते," दूधवाली म्हणाली. ती मिस्त्रीकडे बघत होती. "फाटलं तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"मी परत आले तेव्हा?"

"तेव्हाही दिसलं होतं."

"आणि टायरची हवा बघायला सांगितलीत."

मिस्त्रीनं मान हलवली. शेडच्या बाहेर बायको उभी होती, तिनंही ऐकलं. दूधवालीचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि टेंगळावरून उतरून पुन्हा मांडीवर आला. ती ओरडेल म्हणून सगळे थांबले होते. ती ओरडली नाही. कॅनमध्ये पाणी सापडल्यावर गवळ्याकडे बघावं, तसं तिनं बघितलं.

"बेकरीवाल्याची पण तुम्हीच केली होती ना?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. किंवा आलं होतं आणि त्यानं दार लावून घेतलं होतं.

"पाचरीनंच?"

"हो."

"कारकुनाची? मोठ्या बाईंची?"

तो पेटीकडे बघायला लागला, आणि ते उत्तर पुरेसं होतं. धाकट्यानं कपाळाचा घाम पुसला तेव्हा तिथे काळा पट्टा उमटला.

"माझं टेंगूळ उतरेल," दूधवाली म्हणाली. "बेकरीवाला पोरांना मागे बसवून हिंडतो. मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तुम्ही सांगा."

तिचं काम पूर्ण व्हायला अजून वेळ होता. मिस्त्रीनं दिवा धरला. पुढचा सांधा बसेपर्यंत धाकट्यानं त्याला पाना दे, वाटी दे, दिवा खाली घे, एवढंच सांगितलं आणि त्यानं तेवढंच केलं. गाडी खाली आल्यावर दूधवाली गाडीत बसून गेली. जाताना टक् आवाज आला नाही.

मग दोघं भाऊ पेटीसमोर उभे राहिले. धाकटा एकेक वस्तू पुसून आत ठेवत होता. थोरल्याला वाटलं, आता हा म्हणेल, ने. धाकटा म्हणाला नाही. मुद्दाम म्हणाला नाही की दमला होता, ते कळायला मार्ग नव्हता. थोरल्यानंच पेटीकडे बोट केलं.

"दे मला ती," तो म्हणाला. "मागतोय."

धाकट्यानं झाकण लावलं. "आधी पुलर. घण हातात घ्यायचाच नाही. वाटी मापाची नसली तर आर्म वाकतो."

"माहीत आहे," थोरला सवयीनं म्हणाला. मग थांबून म्हणाला, "मापाची कशी ओळखायची, ते सांग."

धाकट्यानं झाकण पुन्हा उघडलं आणि खाली बसून त्याला दाखवलं. थोरला त्याच्यासमोर उकिडवा बसला, गुडघे दुखत होते तरी. मधेच धाकट्याची बायको पाणी घेऊन आली, दोघांना असं बसलेलं बघून तांब्या ठेवून आवाज न करता आत गेली.

पेटी जड होती. एका बाजूनं त्यानं धरली, दुसऱ्या बाजूनं बायकोनं.

"तुझे हात दुखतात ना," तो म्हणाला.

"चला."

बेकरीसमोर त्या वेळी गर्दी होती. ताज्या पावासाठी माणसं ओळीनं उभी होती, भट्टीची धग दारापर्यंत येत होती. बेकरीवाल्यानं लांबूनच दोघांना बघितलं आणि पिठानं माखलेले हात वर केले.

"अरे, या या. हे बघा, हेच ते मिस्त्री. माझी गाडी यांच्याकडून आली तेव्हापासून हूं की चूं नाही. अरे, मिस्त्रींना खुर्ची द्या कुणीतरी."

ओळीतल्या लोकांनी मागे वळून बघितलं. एका म्हाताऱ्यानं तर मान लववली. "मग आमची पण बघा एकदा," दुसरा कुणी म्हणाला. खुर्ची आली. मिस्त्री बसला नाही.

"गाडी जरा बघायची होती," तो म्हणाला.

"बघण्यासारखं काय आहे तिच्यात? उत्तम चाललीय. आधी गरम पाव खा. वहिनी, तुम्हीही घ्या."

"आधी बघतो."

गाडी अंगणातच होती. मागच्या काचेवर पोरांच्या हातांचे ठसे होते. मिस्त्री जमिनीवर पाठ टेकून आत सरकला. बायकोनं वाकून टॉर्च धरला. आतून त्याला फक्त पाय दिसत होते: बेकरीवाल्याचे पांढरे पडलेले बूट, आणि त्यांच्यामागे एकेक करत गोळा होत गेलेल्या बऱ्याच चपला. त्यानं बोट वर नेलं. रबर सापडलं. मग चीर सापडली. आत बोट घातलं तर दाण्यादाण्याची माती लागली.

"ठीक आहे ना, मिस्त्री?" वरून बेकरीवाल्याचा आनंदी आवाज आला.

"नाही," तो म्हणाला.

तो इतका हळू म्हणाला, की भट्टीच्या घरघरीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात?" बेकरीवाल्यानं वाकून विचारलं. बायकोनं टॉर्चचा उजेड नवऱ्याच्या तोंडावरून बाजूला घेतला. मिस्त्री सरकत बाहेर आला, कपडे न झटकता उभा राहिला, आणि पावासाठी थांबलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"नाही. मीच बिघडवलीय ती."